दरबार हॉल आणि कलावंत कारखाना

बडोद्याला माझे जाणे पुष्कळदा झाले आहे, परंतु लक्ष्मी विलास राजवाडा सवड काढून पाहण्याचा योग या हिवाळ्यात आला. सोबत आई होती. तिची गाण्याची तालीम किराणा घराण्याच्या परंपरेत झालेली असल्यामुळे बडोदे हे तिच्या लेखी गायकवाड राजांच्याही आधी गायिका हिराबाई बडोदेकरांचे गाव आहे. राजवाड्याची भव्यता पाहण्यापेक्षा तेथील दरबार हॉलमध्ये घटकाभर उभे राहावे, एवढीच तिची इच्छा होती.

राजवाडा 1890 मध्ये बांधून पूर्ण झाला. मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी तो तडीस नेला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून 1875 मध्ये दत्तक आलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी स्वतःसाठी एवढे प्रचंड घर बांधावे, याचे पूर्वी मला नवल वाटत असे. दरबार हॉलमध्ये शिरल्यावर ते वाटेनासे झाले, कारण ही वास्तू राहण्याइतकीच लोकांसमोर येण्यासाठी उभारलेली आहे, हे तेथे लक्षात येते.

या हॉलमध्ये नजर प्रथम खाली जाते. व्हेनिसच्या पद्धतीने केलेल्या जमिनीत नखाएवढे दगडी तुकडे शेजारी शेजारी बसवलेले आहेत, आणि वाकून पाहिले तर एकाच रंगाच्या पट्ट्यातही दोन तुकडे सारखे नाहीत. बेल्जियमहून आणलेल्या रंगीत काचांमधून सकाळची उन्हे त्यावर पडली होती. राजवाड्याची माहिती ऐकवणारे यंत्र कानाला लावून लोक पुढे सरकत होते. आईने मात्र ते काढून हातात धरले, एका कोपऱ्यात उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात षड्ज, म्हणजे सा, लावला. उंच छताखाली तो स्वर क्षणभर रेंगाळला. जवळ उभे असलेले एक पहारेकरी पुढे आले, तेव्हा ते हटकणार असे मला वाटले, परंतु ते गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, “मैफल असते ना, तेव्हा या बाई. माणसे भरली की आवाज आणखी गोड लागतो.” आजही या हॉलमध्ये गाण्याचे कार्यक्रम होतात. माणसांच्या अंगावरचे कपडे आणि खाली पसरलेल्या बैठका प्रतिध्वनी शोषून घेतात, ही गोष्ट त्या गृहस्थांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितली की आई दिवसभर तेच वाक्य आठवत राहिली.

मला खरे आकर्षण आहे ते या हॉलच्या पाठीमागे चालणाऱ्या व्यवस्थेचे. बडोदे संस्थानात गायक, वादक आणि नर्तकी यांचे एक स्वतंत्र खाते होते आणि त्याला ‘कलावंत कारखाना’ असे नाव होते. कारखाना हा शब्द येथे जुन्या दरबारी अर्थाने आहे. जसा हत्तींचा कारखाना, तसा कलावंतांचा. सयाजीरावांच्या कारकिर्दीत या खात्याला नियमांची चौकट आली. लहरीवर चालणारा राजाश्रय पगारी नोकरीच्या शिस्तीत बसवला गेला. मानी उस्तादांना ही शिस्त जाचली असणार, आणि कलावंताला हजेरीपटावर आणण्यात काहीतरी गमावले जाते, हेही मी मान्य करते. तरीही म्हातारपणी उपासमार होण्याची धास्ती ज्यांच्या पाचवीला पुजलेली होती, त्या कलावंतांना दरमहा ठरलेली रक्कम मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. महाराजांचा पहिला विवाह 1880 मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही बडोद्यात आल्या आणि दक्षिणेचे नृत्य या दरबारात रुजले. पुढे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ येथे दरबार गायक झाले आणि 1950 मध्ये याच शहरात त्यांनी देह ठेवला.

आईच्या किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँही येथेच दरबारात गात होते. राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकू लागल्या, दोघांचे प्रेम जमले आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. सुरेशबाबू माने आणि हिराबाई ही त्यांची मुले. ज्या शहराने आईवडिलांना थारा दिला नाही, त्याच शहराचे नाव हिराबाईंनी आयुष्यभर आपल्या नावापुढे लावले, याचा उल्लेख करताना आईचा आवाज दरवेळी बदलतो आणि त्या दिवशी राजवाड्याच्या पायऱ्यांवरही तो बदलला.

आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय हे एकेकाळी राजपुत्रांच्या शाळेची इमारत होते. तेथे राजा रविवर्म्यांच्या चित्रांसमोर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, आणि बाकीची दालने, खरे सांगायचे तर, भराभर उरकली. सरस्वतीच्या चित्रापुढे आई बराच वेळ थांबली. देवीच्या मांडीवरील वीणा आणि तारेवर टेकलेली बोटे यांच्याकडे ती ज्या रीतीने पाहत होती, ती चित्र पाहण्याची रीत नव्हती. वादकाच्या हाताचे वळण बरोबर आहे का, हे ती तपासत होती. “बोटांत जोर दिसत नाही, पण लक्ष आहे,” असे ती शेवटी म्हणाली.

संध्याकाळी आम्ही सूरसागर तलावाकडे गेलो. सयाजीरावांनी 1886 मध्ये दरबारी गायक मौलाबक्ष यांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू केली, तिचेच आजचे रूप म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संगीत, नृत्य आणि नाट्याची विद्याशाखा. घराण्याबाहेरच्या सामान्य मुलांना स्वरलिपीच्या साहाय्याने गाणे शिकवण्याचा विचार मौलाबक्षांनी त्या काळी प्रत्यक्षात आणला होता आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 मध्ये भरली तीही बडोद्यातच. दरबार हॉलपेक्षा ही शाळा मला सयाजीरावांचे मोठे काम वाटते, आणि राजवाड्याला येणाऱ्या मराठी माणसांनी तेथून पाऊलभर पुढे येऊन ती इमारत अवश्य पाहावी.

शाळेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा वरच्या मजल्यावर कोणीतरी मुलगी यमन रागाचा एकच पलटा, म्हणजे सरावाची स्वरांची ओळ, पुन्हा पुन्हा घोटत होती. तीव्र मध्यम दोनदा किंचित उतरला. आईने रस्त्याच्या कडेलाच डोळे मिटून बोट वर केले आणि तिसऱ्या वेळी तो स्वर जागेवर लागेपर्यंत खाली आणले नाही.