ओल्ड फेथफुलच्या २७२ नोंदी: वितरणाचं वर्णन करताना

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'या वितरणाचं वर्णन करा' असा प्रश्न आला की उत्तर बहुधा एकाच साच्यातून निघतं. मध्य (म्हणजे सरासरी) इतका, मध्यक (नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य) इतका, प्रमाण विचलन (मध्याभोवतीच्या पसाऱ्याचं माप) इतकं. मध्य मध्यकापेक्षा कमी, सबब वितरण ऋण विषम, म्हणजे डावीकडे लांब शेपूट असलेलं. यातला प्रत्येक आकडा बरोबर असूनही वर्णन साफ चुकलेलं असू शकतं. ते नेमकं कुठे चुकतं हे दाखवणारा, ओल्ड फेथफुल गायझरच्या उद्रेकांच्या 'फेथफुल' नावाच्या नोंदींसारखा संच मला दुसरा माहीत नाही, म्हणून तोच घेऊन मी सगळं काम पहिल्यापासून केलं. कसं केलं ते सांगतो.

ओल्ड फेथफुल हा अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला गायझर. जमिनीतून उकळत्या पाण्याचा आणि वाफेचा फवारा उडतो, काही मिनिटं चालतो, थांबतो, आणि तास-दीड तासाने पुन्हा उडतो. त्याचं हे नाव १८७० सालच्या वॉशबर्न मोहिमेने ठेवलं. आर हे संख्याशास्त्राचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं की त्याच्यासोबतच हा संच येतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. २७२ ओळी, दोन रकाने: उद्रेक किती मिनिटं चालला, आणि त्यानंतर पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटं थांबावं लागलं.

कोणतंही सूत्र लावण्याआधी मी कच्चे आकडे डोळ्यांखालून घालतो. पहिले काही उद्रेक असे: ३.६००, १.८००, ३.३३३, २.२८३, ४.५३३. तीन दशांश स्थळं बघून मोजणी फार काटेकोर असेल असं वाटतं. ६० ने गुणल्यावर मात्र २१६, १०८, २००, १३७, २७२ असे पूर्ण सेकंद मिळतात. म्हणजे मोजणी सेकंदांत झाली आणि मिनिटं नंतर केली. त्यातही ५ च्या पटीतले सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतात. घड्याळाकडे बघून नोंद करणारा माणूस असला की असं होतंच. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर कसलाही निष्कर्ष टेकवायचा नाही, हे इथेच ठरलं.

मग वर्ग पाडले, म्हणजे नोंदी सारख्या रुंदीच्या गटांत मोजल्या. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला, आणि तो घालवावाच लागतो. सर्वांत छोटा उद्रेक १.६ मिनिटांचा, सर्वांत मोठा ५.१ चा, म्हणजे विस्तार ३.५. आधी २ मिनिटांचे वर्ग घेतले. १ ते ३ मध्ये ९७, ३ ते ५ मध्ये १७१, ५ ते ७ मध्ये ४. मधला स्तंभ उंच, दोन्हीकडचे बुटके. हे चित्र कुणालाही दाखवलं तर तो 'एकशिखरी' म्हणून मोकळा होईल.

वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी, १ मिनिट केलं आणि सुरुवात १ पासून ठेवली: ५१, ४६, ३७, १३४, ४. आता डावीकडून हलका उतार, मग एकदम उंच स्तंभ. डावीकडे शेपूट असलेलं वितरण म्हणून हे खपून जाईल. वर्गांतर तेच ठेवलं, फक्त सुरुवात १ ऐवजी १.५ पासून केली: ९२, १२, १०३, ६५. मध्ये सरळ खड्डा! नोंदी त्याच, वर्गांतर तेच, अर्ध्या मिनिटाने पट्टी सरकवली एवढंच. पहिल्या मांडणीत २ ते ३ आणि ३ ते ४ या वर्गांनी ओसाड पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची गर्दी आपल्या पोटात घेतली होती, म्हणून खड्डा बुजला.

अर्ध्या मिनिटाचे वर्ग घेतल्यावर शंका उरत नाही. १.५ पासून सुरू करून क्रमाने ५१, ४१, ५, ७, ३०, ७३, ६१, ४. दोन शिखरं, मध्ये २.५ ते ३.५ या पट्ट्यात जेमतेम १२ उद्रेक. किती वर्ग घ्यावेत हे नोंदींच्या संख्येवरून सांगणारा स्टर्जेसचा नियम २७२ नोंदींसाठी ९ ते १० वर्ग सुचवतो, आणि हे ८ त्याच्या जवळपासच आहेत. पण मला विचाराल तर स्टर्जेस ही फक्त सुरुवात. किमान तीन वर्गांतरं आणि प्रत्येकाला दोन वेगळ्या सुरुवाती घेऊन बघाव्यात. जे रूप सगळीकडे टिकतं तेच नोंदींचं, बाकीचं पट्टीचं.

इथे एक किरकोळ पण पुष्कळांना छळणारी गोष्ट. हाताने केलेली वरची वारंवारता सारणी आणि आरने काढलेला आयतालेख (वर्गांच्या वारंवारतांचे स्तंभ दाखवणारा आलेख) जुळत नाहीत. आर ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४, ३ असे स्तंभ देतो. बेरीज दोन्हीकडे २७२ च. आपल्या पुस्तकांत अखंडित वर्गाची वरची मर्यादा पुढच्या वर्गात जाते; आर मुळात ती त्याच वर्गात धरतो, आणि एक्सेलचं फ्रीक्वेन्सी फंक्शनही तसंच वागतं. बरोबर २ मिनिटांचे ४ उद्रेक आहेत, म्हणून पहिला वर्ग ५१ चा ५५ झाला. बरोबर ४ चे ६ आणि ४.५ चे ८ आहेत, तेही असेच इकडचे तिकडे झाले. आरमध्ये उजवी सीमा न धरण्याचा पर्याय दिला की सारणी जुळते. प्रात्यक्षिकाच्या वहीत कोणती पद्धत वापरली ते एका ओळीत लिहावं, नाहीतर तपासणारा गुण कापतो आणि त्याचंही चुकत नाही.

आता आकडे. मध्य ३.४८८, मध्यक ४.०००, पहिला चतुर्थक (ज्याच्या खाली पाव नोंदी येतात) २.१६३, तिसरा (ज्याच्या खाली पाऊण नोंदी) ४.४५४, प्रमाण विचलन १.१४१. वर्गीकृत सारणीवरून वर्गमध्य घेऊन मध्य काढला तर ९५१.५ भागिले २७२, म्हणजे ३.४९८, मध्यक ४.०१४. मूळ नोंदींच्या इतकं जवळ आलं की सारणीत गफलत नाही असं समजायला हरकत नाही. प्रमाण विचलनाला भाजक २७१ घेतला की २७२, यावर वर्गात बरीच चर्चा होते. इथे फरक १.१४१ आणि १.१३९ एवढाच, तेव्हा त्यात अडकू नये.

खरी अडचण मध्याची आहे. ३.४८८ हा आकडा ३ ते ३.५ या वर्गात पडतो आणि त्या वर्गात २७२ पैकी फक्त ७ उद्रेक आहेत. 'उद्रेक सरासरी साडेतीन मिनिटं चालतो' हे वाक्य गणिताने खरं आहे, पण ते वाचून तिथे गेलेल्या माणसाला साडेतीन मिनिटांचा उद्रेक क्वचितच दिसेल. मध्यक बरा, कारण तो निदान गर्दीत पडतो. पण ३५.७ टक्के उद्रेक ३ मिनिटांच्या आत आटोपतात, त्यांच्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

बहुलकाचं, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या मूल्याचं, सूत्र तर इथे उघडं पडतं. सर्वांत मोठी वारंवारता ७३, वर्ग ४ ते ४.५, अलीकडची ३०, पलीकडची ६१. सूत्राने बहुलक ४.३९ येतो. उजव्या शिखरापुरतं हे उत्तर ठीक आहे, पण सूत्राला एकच बहुलक माहीत असल्यामुळे २ मिनिटांजवळचं दुसरं शिखर गायब होतं. आणि आपल्याकडे पाठ करून घेतात तो संबंध, म्हणजे बहुलक बरोबर मध्यकाची तिप्पट वजा मध्याची दुप्पट, तो लावला तर १२ वजा ६.९७६, म्हणजे ५.०२. त्या टोकाला, ५ मिनिटं आणि त्यापुढे, अवघे ४ उद्रेक आहेत! जिथे जवळपास काहीच नाही तिथे हे सूत्र सर्वाधिक गर्दी दाखवतं. हा संबंध एकशिखरी आणि थोड्याशाच विषम वितरणांसाठी आहे, ही अट पाठांतरात गळून पडते.

विषमतेचंही तसंच. पिअरसनचा गुणांक, मध्य वजा मध्यक गुणिले ३ भागिले प्रमाण विचलन, इथे उणे १.३५ च्या आसपास येतो. तीव्र ऋण विषमता, असं लिहायला हात शिवशिवतो. पण ऋण विषम म्हणजे एक शिखर आणि डावीकडे हळूहळू विरत जाणारी शेपूट. इथे डावीकडे शेपूट नाहीच, दुसरा गट उभा आहे. मध्य डावीकडे ओढला गेला तो त्या गटामुळे.

प्रमाण विचलनाची खूण मला जास्त आवडते, कारण ती आयतालेख न काढताही सावध करते. घंटाकृती वितरणात मध्याच्या दोन्ही बाजूंना २ प्रमाण विचलनांत सुमारे ९५ टक्के नोंदी येतात. इथे ती पट्टी १.२ ते ५.८, आणि तिच्यात २७२ च्या २७२ बसतात. सर्वांत मोठी नोंद मध्यापासून १.४ प्रमाण विचलन लांब, सर्वांत छोटी १.७. इतक्या नोंदी असलेल्या घंटाकृती वितरणाचा विस्तार पाच-साडेपाच प्रमाण विचलनं तरी भरतो, इथे तो तीनच भरला. विस्तार इतका आखूड दिसला की समजावं, मध्याजवळ गर्दी नाही, नोंदी टोकांकडे सरकल्या आहेत.

बॉक्सप्लॉट, म्हणजे चतुर्थकांवरून पेटी काढणारा आलेख, मी मुद्दाम शेवटी काढला. चतुर्थकांतर (तिसरा चतुर्थक वजा पहिला) २.२९, त्याची दीडपट ३.४४, ती दोन्ही चतुर्थकांपासून बाहेर मोजली की कुंपणं उणे १.२७ आणि ७.८९, त्यांच्या बाहेर पडणारी नोंद, म्हणजे आउटलायर, एकही नाही. पेटी २.१६ पासून ४.४५ पर्यंत पसरलेली, आत ४ वर रेघ. दिसायला निर्मळ चित्र, आणि तो ओसाड पट्टा बरोबर पेटीच्या पोटात दडलेला. पेटी म्हणजे मधल्या निम्म्या नोंदी, एवढंच ती सांगते. त्या आत कुठे बसल्या आहेत हे सांगत नाही. एकटा बॉक्सप्लॉट देऊन आकाराबद्दल काही लिहू नये.

दोन शिखरं दिसली की पुढची पायरी ठरलेली: गट वेगळे करायचे. मी रेघ ३ मिनिटांवर ओढली. २.५ वर ओढली असती तर छोटे ९२ आले असते, ३.५ वर १०४, ३ वर ९७. पट्टा विरळ असल्याने रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र बदलत नाही. छोट्या ९७ चा मध्य सुमारे २.०४ मिनिटं, मोठ्या १७५ चा ४.२९. आता दोन्ही मध्य आपापल्या गर्दीत पडतात.

दुसऱ्या रकान्यात याचं फळ दिसतं. थांबण्याच्या वेळेचा एकूण मध्य ७०.९ मिनिटं, मध्यक ७६, प्रमाण विचलन १३.६. तिथेही ५ मिनिटांचे वर्ग घेतले की दोन शिखरं येतात, पण मधला भाग इतका ओसाड नाही. ६५ ते ७० मध्येही (आरच्या पद्धतीने, वरची मर्यादा धरून) १० नोंदी आहेत. त्याच रकान्यावरून गट पाडायला गेलो असतो तर रेघ कुठे ओढायची यावर वाद झाला असता. उद्रेकाच्या लांबीवरून पाडल्यावर छोट्या उद्रेकानंतरची सरासरी वाट ५४.५ मिनिटं आणि मोठ्यानंतरची ८०. दोन्ही गटांत प्रमाण विचलन ६ च्या आसपास, म्हणजे एकूण पसाऱ्याच्या निम्म्याहून कमी. कारणही समजण्यासारखं आहे: उद्रेक लवकर आटोपला की खालच्या पोकळीत पाणी आणि उष्णता बरीच शिल्लक राहते आणि ती पुन्हा लवकर भरते, लांबला तर भरायला वेळ लागतो. उद्यानातले लोक पुढच्या उद्रेकाची वेळ सांगताना आधीच्या उद्रेकाची लांबी धरतात ती याचमुळे.

हे सगळं झाल्यावर मी लिहिलेलं वर्णन असं: 'उद्रेकांच्या २७२ नोंदींचं वितरण द्विशिखरी आहे. एक गट २ मिनिटांजवळ (९७ नोंदी), दुसरा सव्वाचार मिनिटांजवळ (१७५ नोंदी), २.५ ते ३.५ मिनिटांत फक्त १२ उद्रेक. विस्तार १.६ ते ५.१ मिनिटं, आउटलायर नाही. एकूण मध्य ३.४९ आणि मध्यक ४.० मिनिटं, पण दोन गट असल्याने एकच मध्यवर्ती मूल्य प्रातिनिधिक नाही.' चार वाक्यं. आकार आधी, मग केंद्र आणि पसारा, आणि प्रत्येक आकड्याला एकक. विषमता हा शब्द मी आणला नाही.

याच गायझरचा दुसरा एक संच आरच्या मास पॅकेजमध्ये (आरला जोडून वापरायच्या एका संग्रहात) आहे, ऑगस्ट १९८५ मधल्या पंधरा दिवसांचा, २९९ नोंदींचा. तो घेणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. रात्रीचे काही उद्रेक तिथे 'छोटा, मध्यम, मोठा' असे टिपले होते आणि नंतर त्यांना २, ३, ४ मिनिटं असे आकडे दिले. म्हणून त्या आकड्यांवर उगवणारे सुळके गायझरचे नसून नोंदवहीचे आहेत. आणि तिथली थांबण्याची वेळ त्या उद्रेकाच्या आधीची आहे, नंतरची नाही. फेथफुलमध्ये दोन रकान्यांचा सहसंबंध (ते किती सोबत वाढतात याचं माप) ०.९० येतो, मासच्या संचात तसाच काढला तर ऋण येतो. रकाने एक ओळ सरकवून जुळवले की तोही धन होतो.

आयतालेखात न दिसणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे क्रम. फेथफुलच्या ओळी वरून खाली वाचत गेलं की छोट्यानंतर बहुतेक वेळा मोठा उद्रेक येतो: १.९५० नंतर ४.३५०, १.८३३ नंतर ३.९१७. कधी २.१६७ च्या पाठोपाठ १.७५० असे दोन छोटेही लागून येतात. या ओळी कशाही फिरवल्या तरी आयतालेख तसाच राहील. तेव्हा क्रमाबद्दल काही म्हणायचं असेल तर आडव्या अक्षावर उद्रेकाचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर त्याची लांबी घेऊन वेगळा आलेख काढावा लागतो. शिवाय हे आकडे नोंदी घेतल्या त्या काळापुरतेच. १९८३ साली आयडाहोत बोरा पीकचा भूकंप झाला, त्यानंतर ओल्ड फेथफुलच्या दोन उद्रेकांमधलं अंतर वाढलं होतं. म्हणून ७०.९ मिनिटांच्या भरवशावर आज तिथे कुणी घड्याळ लावून बसू नये.