बदलीवरचा तबला

दुपारी तीनच्या सुमारास फोन येतो आणि पलीकडचा माणूस खुशाली न विचारताच "आज संध्याकाळी मोकळे आहात का?" असे म्हणतो, तेव्हा पुढचे सगळे कोणताही तबलावादक न सांगता ओळखतो. कोणी तरी तापाने पडलेला असतो, कोणाची तरी गाडी घाटात बंद पडलेली असते, किंवा एकाच संध्याकाळचे दोन कार्यक्रम स्वीकारून बसलेल्या कोणाला तरी ऐन वेळी त्यांतला जास्त मानधनाचा कार्यक्रम आठवलेला असतो. आणि आता त्याच्या रिकाम्या जागेवर बसायला एक माणूस हवा असतो. आपल्याच पद्धतीच्या मैफलीत असे बदलीवर जाण्यात विशेष काही नाही, कारण विलंबित एकताल, म्हणजे अतिशय संथ लयीतला एकताल, पुण्यात जसा तसाच नागपुरात. परंतु आपण ज्या वाटेला कधी गेलो नाही अशा ठिकाणचे बोलावणे असते, तेव्हा फोनवरचा माणूस हमखास एक वाक्य उच्चारतो: "अहो, त्यात काय, केरवाच तर आहे."

या वाक्यावर विश्वास ठेवून मी आयुष्यात अनेकदा फसलो आहे. केरवा हा ताल 8 मात्रांचा, म्हणजे 8 ठोक्यांचा, धुमाळी 8 मात्रांची आणि भजनी ठेकाही 8 मात्रांचाच. कागदावर मांडून पाहिले तर ही तिन्ही सख्खी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की एकाच्या घरी जेवायला बसून दुसऱ्याच्या घरचे मीठ मागावे तसा प्रकार होतो. मात्रा मोजता येणे आणि त्या मात्रांमध्ये डुलता येणे यांत जे अंतर आहे ते पार करायला काही लोकांचे सारे आयुष्य जाते, आणि बदलीच्या वादकाला ते संध्याकाळी सहापर्यंत पार करायचे असते.

माझा पहिला असा प्रसंग नारदीय कीर्तनाचा. रामनवमीच्या नवरात्रातला सातवा दिवस होता आणि बुवांचा नेहमीचा तबलजी येऊ शकणार नव्हता. माझ्याजवळ त्या वेळी एका गायिकेच्या साथीसाठी लावून ठेवलेला काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरातला, तबला तेवढा होता. बुवांचा स्वर काळी एक. म्हणजे माझा तबला त्यांच्या पंचमात, पाचव्या स्वरात, आपोआप लागला. त्या संध्याकाळी माझ्या बाजूने घडलेली चांगली गोष्ट म्हणाल तर ती एवढीच.

ख्यालाच्या मैफलीत मी गायकाच्या उजव्या हाताला बसतो. थोडी मान वळवली की त्याचा चेहरा दिसतो, हात दिसतो, श्वास कोठे घेतला तेही कळते, आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे दोन मात्रा त्याच्या भुवया कशा वर जातात यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. कीर्तनात बुवा उभे आणि आपण त्यांच्या मागे बाजूला बसलेले. मला त्यांची पाठ, फेट्याचा शेव आणि उपरण्याचे एक टोक एवढेच दिसत होते. ते निरूपण करता करता वाक्याच्या मधूनच एखादी दिंडी, म्हणजे त्या वृत्तातले पद, म्हणू लागत; ती दादरा तालाच्या अंगाने चालली आहे हे ओळखून मी हात टाकीपर्यंत तिचा पहिला चरण संपलेला असे, आणि मी नीट स्थिरावलो म्हणजे बुवा पुन्हा बोलू लागलेले असत. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग, संपता संपता मला वाटले, की आता आपणही काही तरी केले पाहिजे. अभंगाच्या शेवटी मी माझ्या गुरुजींकडून मिळालेली एक उत्तम तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीन पल्ल्यांत वाजवून समेवर यायचे ती रचना, काढली. ती संपायला अजून दोन पल्ले बाकी असताना बुवांचा अभंग संपला होता, ते बोलायला वळले होते, आणि साऱ्या देवळात माझा एकट्याचा तबला वाजत होता. बुवा थांबले, मागे वळून त्यांनी माझ्याकडे अत्यंत प्रेमाने पाहिले आणि श्रोत्यांना म्हणाले, "तबलजींचं अजून व्हायचं आहे, तोवर आपण विठ्ठल विठ्ठल म्हणू या." सगळे देऊळ हसत हसत गजर करू लागले. मध्यंतरात बुक्का लावताना शेजारच्या पेटीवाल्या काकांनी हळूच सांगितले, "पाठीकडे बघू नका, उजव्या हातातल्या चिपळ्यांकडे बघा. त्या खाली आल्या की सुरू, वर राहिल्या की बंद." उत्तररंगात आख्यान चालू असताना मी त्या चिपळ्यांवरून नजर हलवली नाही. सीतेचे काय झाले ते मला कळले नाही. ठेका मात्र सुटला नाही.

तेव्हापासून बदलीवर जाताना मी काय वाजवायचे हे विचारीत नाही, कोणाकडे पाहायचे हे विचारतो. हा प्रश्न विचारणे कमीपणाचे वाटत नाही असे नाही. वीस वर्षे रियाज केलेल्या माणसाने, ज्याने तो ठेका अवघ्या दोन संध्याकाळी ऐकला आहे अशा पोराला विचारावे लागते, आणि ते पोरही "सर, तुम्हाला काय सांगायचं" असे म्हणत म्हणत सगळे सांगून टाकते.

लावणीच्या एका कार्यक्रमात हे फारच उपयोगी पडले. संगीतबारीच्या साथीत पेटी, ढोलकी आणि तबला असे तिन्ही असतात, त्यामुळे मला ढोलकीला हात लावावा लागणार नव्हता, ही देवाची कृपा. कारण ढोलकीच्या धुमाचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, मसाला आतून लावलेला असतो आणि त्यावरची घीस, म्हणजे घासून काढायचा नाद, डग्ग्यावर तयार झालेल्या मनगटाला सहजासहजी साधत नाही. ढोलकीवाला माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा होता. त्याने सुरुवातीलाच कामाची वाटणी करून टाकली: "तोडा मी घेतो, तुम्ही नुसता ठेका धरा. आन् सर, माझ्याकडं नका बघू, तिच्या पायाकडं बघा." बैठकीची लावणी चालू होती तोवर त्या गायिकेच्या चेहऱ्याकडे पाहून भागले, कारण ती एकेका ओळीचा भाव पाचपाच प्रकारांनी दाखवीत होती आणि ठेक्याने फक्त मागे उभे राहायचे होते. ती उठून उभी राहिली आणि तिच्या घुंगरांनी लय ताब्यात घेतली तेव्हा त्या पोराच्या सांगण्याचा अर्थ समजला. सम कोठे यावी हे तेथे टाच ठरवते. खरे सांगायचे तर माझ्या सगळ्या बदल्यांमध्ये सर्वांत जाड पाकीट त्या रात्री मिळाले. गुरुजींना मी ते अद्याप सांगितलेले नाही.

अशा वेळी मनाला धीर द्यायला मोठी माणसे आठवावीत. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा स्वतंत्र तबलावादनात ज्याला तोड नव्हती असा कलावंत गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे. ती बदली नव्हती, नोकरी होती. पण कायदे आणि रेले या स्वतंत्र वादनातल्या रचनांचे भांडार हातात असताना पदाचा ठेका धरून बसायचे आणि दोन ओळींमधल्या फटीत एखादी लग्गी, म्हणजे छोटा चपळ तुकडा, ठेवून पुन्हा मागे सरायचे, हे त्या हातांना कसे जमले असेल, असे त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकताना वाटत राहते. पंडित शिवकुमार शर्मा यांची गोष्ट तर याहून मजेदार आहे. संतूर हेच ज्यांचे नाव झाले होते त्यांनी 1965 च्या 'गाईड' चित्रपटातील 'मोसे छल किये जाय' या गाण्यात तबला वाजवला आहे. तबला त्यांनी लहानपणी वडिलांकडे शिकलेला आणि पुढे संतूरसाठी बाजूला ठेवलेला; संगीतकार सचिन देव आणि राहुल देव या बर्मन पितापुत्रांच्या आग्रहाखातर तो त्यांनी पुन्हा हाती घेतला.

आणि गोव्याहून मुंबईत आलेले ते व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले! चर्चच्या शाळेत लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांमध्ये जॅझ आणि नाचाचे संगीत वाजवीत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. त्यांची नजर कागदावर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जाणकार ते कागद लिहीत, आणि गाणे एखाद्या रागातले असले तर त्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, स्वरलिपीच्या त्या पाच रेघांमध्ये कशी पकडायची, हा प्रश्न लिहिणाऱ्यापुढेही असे आणि वाचणाऱ्यापुढेही. मला तर वाटते, की आपण ज्याला हिंदी चित्रपटसंगीताचा नाद म्हणतो त्याचा बराचसा भाग हा परक्या घरी पाहुणे म्हणून गेलेल्या आणि मग तेथेच राहून गेलेल्या माणसांनी घडवलेला आहे.

मध्यंतरी एका समारंभात त्या कीर्तनकार बुवांचा नेहमीचा तबलजी भेटला, ज्याच्या जागेवर मी त्या रामनवमीच्या नवरात्रात बसलो होतो. बोलता बोलता कळले, की मी कीर्तनाला गेल्यामुळे माझी त्या संध्याकाळची ख्यालाची बैठक रिकामी राहिली होती आणि आयोजकांनी शोधाशोध करून नेमके त्यालाच तेथे नेले होते. बुवांना त्याने अडचण आहे एवढेच त्याआधी कळवून ठेवले होते. विलंबित एकतालात पाऊण तास बसल्याची आठवण निघताच त्याने कपाळाला हात लावला. "दोन मात्रांत एवढी मोकळी जागा, दादा, की माणूस चहा पिऊन परत येईल. आणि त्या बाई डोळे मिटून गात होत्या. मी पाहू कोणाकडे?"

मी म्हणालो, की अशा वेळी मीही डोळे मिटून घेतो.

"आणि झोप लागत नाही?" त्याने अगदी मनापासून विचारले.

पाठीमागून कोणी तरी जेवायला हाक मारली, आणि मी लगबगीने उठलो.