ईटीपीचा खर्च सीएसआरमध्ये धरता येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून. नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात मार्चअखेर जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो: ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर, एवढे पैसे घातलेत, ते सीएसआरमध्ये (कंपनीने करायच्या सक्तीच्या सामाजिक खर्चात) दाखवले तर?

नाही दाखवता येत. सांडपाणी शुद्ध करणं हे १९७४च्या जल कायद्याने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राने (कारखाना चालवायच्या परवानगीने) अंगावर टाकलेलं काम आहे, आणि कायद्याने सक्तीचं असलेलं काही सीएसआर नियमांत बसत नाही. गाळ ९० दिवसांच्या आत उचलून देणं, संमतीपत्राच्या अटीनुसार आवारात झाडं लावणं, हेही त्यातच आलं. फक्त आपल्या कामगारांसाठी केलेलं आरोग्य शिबिर गेलं. नाव झळकावं म्हणून दिलेली गणपतीची कमानसुद्धा गेली, तो जाहिरातखर्च.

आधी आपण कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये, म्हणजे सीएसआरच्या सक्तीत, येतो का ते बघा. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही गाठलं की आलात. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चायचे. नफा ४, ५ आणि ६ कोटी असेल तर सरासरी ५ कोटी, म्हणजे १० लाख. नफा कलम १९८ प्रमाणे काढायचा, करपूर्व. नफा-तोटा पत्रकातला करोत्तर आकडा उचलला की रक्कम कमी भरते. ५० लाखांपर्यंत वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळ पुरतं. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको.

सामाजिक संस्थेमार्फत करणार असाल तर तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं घेण्यासाठी सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) आधी मागा. चेक दिला म्हणजे खर्च झाला, असंही नाही: पैसे ठरल्या कामावर लागले हे वित्तप्रमुखाने प्रमाणित करायचं असतं. दिघ्याच्या शाळेत पाणी शुद्धीकरण यंत्र बसवलंत तर ते कंपनीच्या मालमत्तेत दाखवू नका, पालिकेच्या नावावर करा. आणि फिल्टर कोण बदलणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. ही यंत्रं बहुतेक तिथेच बंद पडतात.

खारफुटी लावायची सगळ्यांनाच हौस. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगो उघड्या चिखलात चरतात. तिथेच रोपं लावली तर त्यांचं ताट आपणच उचललं. जागा वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारूनच ठरवा. डोंगरउतारावरची झाडंही मार्चमध्ये लावू नका. बजेट संपतं, पण जूनपर्यंत पाणी घालणार कोण? रोपांपेक्षा मोठा फलक तेवढा उरतो.

त्यापेक्षा संचालक मंडळाकडून ते काम वेळीच ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षापुढे चालणारं काम) म्हणून मंजूर करून घ्या. उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत स्वतंत्र ‘अखर्चित सीएसआर’ खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. पावसाळा त्यात आरामात बसतो. चालू प्रकल्प नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत ती पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या निधीत भरावी लागते. चुकलं तर दंड त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यातलं जे कमी असेल ते.