साब्तांग: वाऱ्याच्या बेटावरील दगडी गावे आणि त्यांचा इतिहास

फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, लुझोन आणि तैवान यांच्यामधील समुद्रात बटानेस हा दहा बेटांचा प्रांत आहे. लोकसंख्या आणि भूक्षेत्र या दोन्ही बाबतींत तो देशातील सर्वांत लहान प्रांत असून बटान, साब्तांग आणि इत्बायात या तीनच बेटांवर वस्ती आहे. साब्तांग ही सहा बारांगायांची, म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायतींशी जुळणाऱ्या सहा वस्त्यांची, स्वतंत्र नगरपालिका आहे. तिची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे आणि शेजारची वुहुस व देकेय ही निर्जन बेटे तिच्याच हद्दीत येतात.

बहुतेक प्रवासी सकाळच्या नावेने येतात, दगडी घरांची छायाचित्रे काढतात आणि दुपारी परततात. आम्हीही तेवढाच बेत आखून निघालो होतो. परंतु ती घरे पाहताना इथल्या इतिहासाचा क्रम ध्यानात घेतला नाही, तर साब्तांगचा अर्थच हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. गाइड मंडळी ही घरे ‘प्राचीन’ आहेत असे सहज सांगून जातात, पण वस्तुस्थिती तशी नाही. 1687 मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी या बेटांवर उतरला. साब्तांगला त्याने मॉनमथ असे नाव दिले. त्याने वर्णन केलेली घरे दगडी नाहीत. ती बुटक्या खांबांची, कुडाच्या भिंतींची, उभ्या कड्यांवर एकावर एक ओळींनी रचलेली आहेत, आणि खालच्या ओळीतून वरच्या ओळीत जाण्यासाठी शिड्या लावलेल्या आहेत.

कड्यांवरच्या अशा तटबंद वस्त्यांना इथले मूळचे इवातान लोक इद्जांग म्हणतात. मध्यवस्तीपासून पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना साविदुग गावाच्या अलीकडे रस्त्यावरूनच एक इद्जांग दिसतो. त्याच्या बाजू उभ्या असून माथ्यावर गवत आहे. चालकाला तिथे थांबायला सांगावे, कारण आपण होऊन तो थांबेलच असे नाही. साविदुगजवळच्या वाळूच्या टेकाडांत उत्खननात कुंभदफने, म्हणजे मातीच्या कुंभांत केलेली दफने, सापडली आहेत, तर तैवानमधील फेंगतियन येथील हिरवा नेफ्राइट दगड फार पूर्वीच बटानेसमध्ये पोहोचल्याचे पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिले आहे. नकाशावर एका कोपऱ्यात पडलेली वाटणारी ही बेटे तैवानहून दक्षिणेकडे सरकलेल्या दर्यावर्दी समाजांच्या वाटेवरच होती, हे त्या टेकाडांपाशी उभे राहिल्यावर चांगलेच पटते.

स्पॅनिश सत्तेने बटानेस रीतसर ताब्यात घेतले ते 26 जून 1783 रोजी, गव्हर्नर जनरल होसे बास्को यांच्या कारकिर्दीत. प्रांताची राजधानी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लोकांनी इद्जांग सोडून चर्चभोवती आखलेल्या सपाटीवरील गावांत राहावे, असा नव्या सत्तेचा आग्रह होता. साब्तांगचा प्रमुख आमान दांगात याने, मोबदला न देता लोकांकडून वस्तू उचलणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्यांविरुद्ध 1791 मध्ये उठाव केला. त्याच वर्षी त्याला फाशी देण्यात आले आणि बेटावरील लोकांना समोरच्या बटान बेटावर, इवानाजवळच्या सान विसेंते येथे नेऊन वसवण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, म्हणजे सुमारे दोन पिढ्यांनंतर, ते परत येऊ शकले. आज आपण साविदुग आणि चावायानमध्ये पाहतो ती काटकोनातल्या गल्ल्यांची गावे या परतीनंतरची आहेत, आणि जाड दगडी भिंती बांधण्यासाठी लागणारी चुनखडी भाजण्याची कलाही स्पॅनिश काळातच इथे रुजली. हुसकावून लावलेल्या माणसांनी पुन्हा येऊन उभारलेली ही घरे आहेत, हे लक्षात ठेवून त्या गल्ल्यांतून हिंडावे.

घरांच्या रचनेत मात्र सत्ता चालली ती वाऱ्याचीच. जवळजवळ मीटरभर जाडीच्या भिंती, लहान खिडक्या, सर्वांत जोराचा वारा ज्या बाजूने येतो तिकडे बहुधा एकही खिडकी नसलेली सलग भिंत, आणि वर कोगॉन गवताचे थरावर थर दाबून शाकारलेले जाड छप्पर. वादळ येणार असे कळले की छपरावर दोरखंडांचे जाळे टाकून ते जमिनीशी घट्ट बांधतात. शाकारणीला सारे गाव हातभार लावते. चावायानमध्ये एका अंगणात आम्हाला घरातल्या आजींनी आत बोलावले. भरदुपारी आत बराच गारवा होता आणि बाहेरच्या वाऱ्याचा आवाज दार लावताच पूर्ण थांबला. गल्लीतून पाहून हा अनुभव येत नाही. मात्र ही राहती घरे आहेत, त्यामुळे परवानगीवाचून उंबरा ओलांडू नये आणि खिडकीतून कॅमेरा आत धरू नये.

चावायानमध्येच स्त्रिया वाकुल विणतात. आपल्याकडच्या शिंदीच्या कुळातील वोयावोय या झाडाच्या पानांचे धागे काढून, ते टोपीवजा पायावर गाठवून हे डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे शिरस्त्राण तयार होते. काम तेच, कोकणातल्या इरल्याचे: ऊन आणि पाऊस अंगावर घेत शेतात वाकून काम करता यावे. पुरुषांसाठी त्याच धाग्यांचे कानायी नावाचे अंगरखे असतात. पर्यटकांना फोटोसाठी वाकुल डोक्यावर घ्यायला देतात. त्याबद्दल थोडे पैसे ठेवणे हे सौजन्य आहे आणि छोटी वस्तू विकत घेतली तर अधिक चांगले.

आता जाण्याविषयी. मनिलाहून बास्कोला विमानाने सुमारे दीड तास लागतो. बास्कोहून जीपने किंवा तीनचाकीने इवाना बंदर गाठावे आणि तिथून सकाळच्या पहिल्या नावेने निघावे. फालोवा नावाच्या या नावांना फिलिपिन्समध्ये इतरत्र दिसणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या बाजूच्या उलांड्या नसतात. अर्ध्या-पाऊण तासाचा हा प्रवास पॅसिफिक आणि दक्षिण चीन समुद्र जिथे भिडतात त्या पाण्यातला आहे. नाव चांगलीच डोलते, त्यामुळे उलटीची गोळी आधी घ्यावी, लाइफ जॅकेट बांधलेले ठेवावे आणि सामान प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे. नाव सोडायची की नाही हे तटरक्षक दल ठरवते. तिथे हुज्जत घालू नये. साब्तांगला उतरताच पर्यटन कार्यालयात नोंदणी करून शुल्क भरावे लागते आणि वाहनही तिथूनच ठरवता येते. रोख पैसे बास्कोतच काढून घ्यावेत.

मार्च ते मे हा सर्वांत भरवशाचा काळ आहे. याच दिवसांत कोळी आरायु मासा धरतात आणि अंगणांत तो ओळीने वाळत टाकलेला दिसतो. जुलै ते ऑक्टोबर टायफूनचे महिने आहेत आणि त्यानंतरचा ईशान्य वाराही नावा अडवतो.

शाकाहारी मंडळींनी हळदीचा पिवळा भात, रताळी, सुरण-अळूसारखे कंद यांवर भर द्यावा. मात्र भाज्यांतही डुकराची चरबी घालण्याची रीत आहे, म्हणून आधी विचारून घ्यावे. तातुस नावाचा नारळी खेकडा कुणी देऊ केला तरी घेऊ नये, कारण त्याची संख्या घटत चालली आहे.

शक्य असेल तर साब्तांगमध्ये एखाद्या घरी मुक्काम करावा, म्हणजे दिवसभराची गर्दी परतल्यावर सुम्नांगा आणि नाकान्मुआन ही पश्चिमेकडची गावे तसेच नाकाबुआंगची नैसर्गिक कमान निवांत पाहता येते. परतीचे विमान साब्तांगहून निघण्याच्याच दिवशी कधीही घेऊ नये. मध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण नाव आणि विमान दोन्ही हवामानावर अवलंबून आहेत. 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू लागला आहे. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत आणि बटानेसचा बेत या 14 दिवसांच्या सुरुवातीलाच ठेवावा, म्हणजे वादळात अडकल्यास मुदत संपण्याची चिंता राहणार नाही.