पेल्यातला गाळ

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, की ते काचेच्या पेल्यात भरून निवळताना पाहत बसणे हा माझा जुना चाळा आहे. जाडसर कण लगेच तळ गाठतात, चिकणमाती मात्र तासन्‌तास तरंगत राहून सावकाश खाली बसते. एवढ्याशाच गोष्टीच्या बळावर गेरार्ड दे गेर या स्वीडिश भूवैज्ञानिकाने हजारो वर्षांचा हिशेब मांडला, हे वाचल्यापासून तो पेला ओतून टाकताना माझा हात थोडा अडखळतो.

दे गेर यांचा जन्म १८५८ सालचा, स्टॉकहोमचा. वडील देशाचे पंतप्रधान असताना, १८७८ साली, ते भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले आणि चिकणमातीतल्या पट्ट्या पाहून त्यांना झाडाच्या खोडातील वर्तुळे आठवली. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाचे पाणी उन्हाळ्यात रेती आणि पोयटा घेऊन येई, तर हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याखाली बारीक माती निवांतपणे बसे. फिकट आणि गडद अशा या जोडीला ‘वार्व’ म्हणतात, आणि स्वीडिशमध्ये या शब्दाचा अर्थ थर असाही होतो, फेरा असाही. एक जोडी म्हणजे एक वर्ष.

बर्फ उत्तरेकडे सरकेल तसा सर्वांत खालचा थरही उत्तरेकडे सुरू होणार, म्हणून एकाच खड्ड्यात मोजून भागत नाही. १९०५ च्या उन्हाळ्यात त्यांनी विद्यार्थ्यांना ठिकठिकाणी धाडले. तासून साफ केलेल्या मातीवर कागदाची लांब पट्टी धरायची, प्रत्येक थरापाशी पेन्सिलीने खूण करायची आणि मग शेजारच्या ठिकाणच्या पट्टीशी जाड-बारीक थरांचा मेळ घालायचा, असे ते काम होते. गावच्या तलाठ्यालाही कंटाळा यावा इतके चिकट! १९१० साली स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी गेल्या १२,००० वर्षांची कालगणना सादर केली.

पुढे हा मेळ त्यांनी अटलांटिकपलीकडच्या थरांशीही घातला, आणि तो मात्र टिकला नाही. मोजण्याची गोडी लागलेल्या माणसाला थांबावे कुठे हे कळू नये, याचे मला नवल वाटत नाही.

मला अधिक मोह पडतो तो स्वीडनमधल्या इंदाल नदीवरच्या रागुंडाच्या तळ्याचा. लाकडाचे ओंडके धबधबा टाळून वाहून न्यावेत म्हणून मागनुस हुस या व्यापाऱ्याने तिथे कालवा खणायला घेतला आणि जून १७९६ मध्ये एका रात्रीत ते अख्खे तळे फुटून रिकामे झाले. त्या उघड्या पडलेल्या तळातले थर पुढे शंभराहून अधिक वर्षांनी दे गेर यांनी मोजले. हुस मात्र १७९७ साली त्याच नदीत बुडून मेला.