भिगवणची होडी आणि सत्तर-तीनशेची लेन्स

भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच, असं माझं ठाम मत आहे. दिवाळी झाली की लोक गाड्या काढतात, पण तेव्हा उजनी धरणाचं पाणी अजून चढलेलं असतं. रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) उथळ पाण्याखालचा चिखल हवा. धरण उतरायला लागलं, मळईची जमीन उघडी पडली की त्यांचे थवे वाढतात.

पहाटे चारला पुणं सोडलं. यवत, कुरकुंभ मागं टाकून भिगवण, तिथून कुंभारगाव. सोलापूर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चहा मात्र होडीत बसायच्या आधीच उरकून घ्या.

होडीवाले दादा तिथलेच मासेमार. मी कॅमेरा बाहेर काढला तसं त्यांनी लेन्सकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "तीनशेची हाय व्हय? मग सूर्व्या पाठीला घेऊन जवळ नेतो. पर मधी उठायचं न्हाई." माझ्या मते पक्ष्यांच्या फोटोग्राफीचा निम्मा धडा एवढ्यातच आला. लाख-दीड लाखाच्या लेन्सचा विषय आपल्याकडे फार चघळला जातो. माझी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स साधीच आहे. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती साधारण साडेचारशेसारखी चालते, आणि होडी योग्य बाजूनं नेली तर तेवढी पुरते.

ट्रायपॉड गाडीतच राहू द्या. होडी हलते, तिच्यासोबत ट्रायपॉडही हलतो. त्यापेक्षा कोपरं अंगाशी घट्ट धरायची आणि शटर स्पीड वाढवायचा. चरणाऱ्या पक्ष्यासाठी मी १/८०० सेकंद ठेवतो, उडणाऱ्यासाठी १/२०००. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटोवर सोडून देतो. सकाळच्या उजेडात तो १६०० पर्यंत गेला तरी बिघडत नाही. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे तो पक्ष्यामागे सतत फिरत राहतो.

खरी गंमत एक्स्पोजरची. पक्षी पांढरा, मागचं पाणी गडद. कॅमेऱ्याचा मीटर त्या गडदपणाला भुलतो आणि सगळंच उजळून टाकतो, पिसांचा तपशील पार धुऊन निघतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सोय, उणे ०.७ वर, कधी उणे १ वर. तोच पक्षी उडाला आणि मागं पांढुरकं आकाश आलं की उलटा प्रकार: आता अधिक १ हवा, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती उरते. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा. पडद्यावर लुकलुकणारे डाग दिसले की पांढरा भाग धुऊन निघालाय हे लगेच कळतं.

आणि खाली वाका. होडीत ताठ बसून काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. मी कॅमेऱ्याचा उघडणारा पडदा बाहेर काढून कॅमेरा होडीच्या कडेला, पाण्यापासून वीतभर उंचीवर धरला. मागची झाडं-वस्ती धूसर झाली आणि रोहितांची प्रतिबिंबं पूर्ण मिळाली. पट्टा मात्र गळ्यात हवाच.

शेजारच्या होडीतली मंडळी शेव उधळत होती. कुरव (सीगल) पक्षी डोक्यावरून घिरट्या घालत ती झेलत होते. पक्ष्यांना तळकट खायला घालणं मला पटत नाही, आमच्या दादांनाही तसं सांगितलं. पण कुरव आलेच होते, तेव्हा १/६० वर पॅनिंग करून पाहिलं. पक्ष्याच्या वेगानं कॅमेरा फिरवत राहायचं, बटण दाबल्यावरही थांबायचं नाही. बहुतेक फोटो पुसायचेच असतात. एखाद्यात डोळा टिपला जातो आणि पंख पाण्यावर रेघोट्या ओढल्यासारखे पसरतात.

रोहितांना उडवायला सांगणारे फोटोग्राफरही भेटतात. दादा तसं करत नाहीत, हे मला आवडलं. हा पक्षी चोच उलटी धरून तासन् तास चिखलपाणी गाळत असतो, तेव्हा कुठं त्याचं पोट भरतं. थवा स्वतःहून उडायच्या आधी माना एकदम वर होतात आणि सगळे एकाच दिशेनं चालू लागतात. तेव्हाच बोट बटणावर ठेवायचं. पाण्यावरून धावत ते उड्डाण घेतात, त्यामुळे फ्रेममध्ये पुढची बाजू मोकळी सोडावी लागते.

नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग दूरचा पक्षी कितीही महागड्या लेन्सनं काढा, कडा लिबलिबीतच येतात. आम्ही काठावर परतलो आणि चिलापी फ्राय, भाकरी मागवली.

घरी रॉ फाइली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले फोटो) उघडल्यावर गुलाबी रंग वाढवायचा मोह होतो. तो आवरावा. बसलेला मोठा रोहित बराचसा पांढराच असतो, लाल-गुलाबी रंग पंखांत दडलेला, उडाला की दिसणारा. पिल्लं तर करडी-तपकिरी. त्यांच्या अंगावर रंग चढायला काही वर्षं लागतात, तोही शेवाळ आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जीवांमधल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. मी व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवतो, सावल्या थोड्या उचलतो आणि सॅच्युरेशनच्या (रंग भडक करायच्या) पट्टीला हात लावत नाही.