किसन की कृष्णा?

आज सकाळी नऊपासून शेजारच्या मावशींसोबत दवाखान्यात होते. काकांची अँजिओप्लास्टी करायची आहे. मावशींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं केशरी रेशनकार्ड. त्यावर काका 'किसन', आधारवर 'कृष्णा'. एवढ्यावरून मोफत उपचारांच्या सरकारी योजनेची फाईल अडली आणि काउंटरवरून निरोप आला, "तोवर वीस हजार भरून ठेवा."

राज्य सरकारच्या या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाख झालं, शिवाय पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडलं. मोठंच पाऊल होतं ते, मनापासून सांगते. पण कागद जुळवायची वेळ माणूस स्ट्रेचरवर असतानाच का यावी? नाव दुरुस्तीचं काम गावात, रेशन दुकानावर, माणूस धडधाकट असताना व्हायला हवं. आणि घरी गेल्यावर महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्यांचं काय? योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी, पुढचा खर्च घरावरच.

दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र पोरगा मात्र जेवायलाही उठला नाही. फोनवर फोन, पुन्हा पुन्हा स्कॅन. सहाला मंजुरी आली, एक पैसा भरावा लागला नाही.

काकांना उद्या सकाळी आत घेणार आहेत. मावशी अजून ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्यात.